कोचची सिस्टीम आणि खेळाडूंची निवड: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चमध्ये एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, विजेतेपदाची बाद स्पर्धा असते. मार्च जवळ आला की हे प्रश्न वाढतात. काही विचारणारे नुसते शौकीन आहेत. काहींची मुलं न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये हायस्कूलच्या संघात आहेत, तर काहींची पुण्या-नागपुरात. सगळ्यांच्या प्रश्नांचा रोख मात्र एकच असतो: इतका चांगला खेळाडू असून त्याला कोणी घेतलं कसं नाही, आणि त्या दुसऱ्याला घेतलं कसं? उत्तरं सुट्टी वाचता येतील अशी लिहिली आहेत. जिथे विषय दुसरीकडे आला आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘सिस्टीम’ म्हणजे नेमकं काय? शेवटी सगळेच संघ पाच जणांनी खेळतात ना?

बॉल आपल्याकडे असताना आणि नसताना संघाने काय करायचं याच्या ठरलेल्या सवयी म्हणजे सिस्टीम. धावत सुटायचं की बॉल फिरवत घड्याळ खाली आणायचं, शॉट कुठून घ्यायचे, बचावात माणूस धरायचा की जागा (म्हणजे झोन), रिबाउंडला, म्हणजे चुकलेला शॉट पकडायला, किती जण पाठवायचे, हे सगळं त्यात येतं.

एनबीए या व्यावसायिक लीगपेक्षा कॉलेजमध्ये सिस्टीमला जास्त महत्त्व आहे, आणि त्याला कारणं आहेत. मोसमात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही, म्हणून थोड्याच गोष्टी पण पक्क्या शिकवाव्या लागतात. नियमही वेगवेगळ्या पद्धतींना जगू देतात. एका चालीला कॉलेजमध्ये ३० सेकंद मिळतात, एनबीएत २४. एनबीएत बचाव करणाऱ्याला कोणालाही न धरता बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. कॉलेजमध्ये पुरुषांच्या खेळात अशी बंदी नाही. त्यामुळे अगदी संथ संघ आणि पूर्णवेळ झोन खेळणारे संघही इथे तग धरतात. फिरकीला साथ देणारी खेळपट्टी बनवून तीन फिरकीपटू खेळवणारा यजमान संघ आठवा. फरक इतकाच की इथे कोच आपली खेळपट्टी बरोबर घेऊन फिरतो.

२. मग कोचने आधी सिस्टीम ठरवावी की आधी खेळाडू बघावेत?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. आमचं मत असं: ज्या दोन-तीन गोष्टी काही झालं तरी सोडायच्या नाहीत त्या कोचला माहीत हव्यात, बाकीचं वाकवायची तयारी हवी. सगळंच वाकवणारा कोच दर वर्षी शून्यातून सुरुवात करतो. काहीच न वाकवणारा एखाद्या असामान्य मुलाला वाया घालवतो.

जॉन वुडन यांचं उदाहरण जुनं आहे, पण याहून स्पष्ट उदाहरण नाही. १९६४ साली त्यांच्या यूसीएलए संघाने एकही सामना न हरता विजेतेपद मिळवलं. सुरुवातीच्या पाचांत ६ फूट ५ इंचांपेक्षा उंच कोणी नव्हतं, म्हणून पूर्ण कोर्टवर झोन प्रेस लावून, म्हणजे अगदी त्याच्या टोकापासून अडवून, ते समोरच्याला चुका करायला लावत. पुढे लू अल्सिंडॉर, म्हणजे नंतरचे करीम अब्दुल-जब्बार, आले. तेव्हा वुडननी हल्ल्याची सगळी मांडणी बास्केटजवळच्या त्या एका माणसाभोवती फिरवली आणि १९६७ ते १९६९ सलग तीन विजेतेपदं मिळवली. पायांची ठेवण, पास आणि सरावाची शिस्त यांत मात्र तसूभर फरक पडला नाही.

जॉन कॅलिपारींनी उलट्या टोकाने सुरुवात केली. मेम्फिसला असताना त्यांनी व्हॅन्स वॉलबर्ग यांची ड्रिबल-ड्राइव्ह पद्धत उचलली. तिच्यात वेगवान गार्डला, म्हणजे बाहेरून बॉल हाताळणाऱ्या खेळाडूला, आत घुसायला मोकळी वाट ठेवलेली असते, आणि २००८ मध्ये डेरिक रोझसाठी ती फार सोयीची ठरली. नंतर केंटकीला ते देशातली सर्वांत गुणी मुलं गोळा करत आणि त्या वर्षीच्या मुलांना शोभेल तसं खेळत. २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसबरोबर विजेतेपद आलं. २०१५ चा संघ तर सलग ३८ सामने जिंकला आणि फायनल फोरमध्ये, म्हणजे उपांत्य फेरीत, विस्कॉन्सिनकडून हरला. बो रायन यांचा विस्कॉन्सिनचा संघ नेमका उलट्या विचाराने बांधलेला होता: वर्षानुवर्षं तीच पद्धत, आणि बाहेरून शॉट मारू शकणारा सेंटर, म्हणजे एरवी बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. त्यांचा फ्रँक कॅमिन्स्की पहिली दोन वर्षं बहुतेक बाकावरच होता.

३. ठाम सिस्टीम असण्याचा फायदा काय? निवडीला मुलं कमीच उरतात ना?

उरतात, आणि फायदा त्यातच आहे. इतर शंभर कोच ज्याच्या मागे लागलेत त्याच्यामागे तुम्हाला धावावं लागत नाही.

जिम बोहाइम १९७६ ते २०२३ सिराक्यूजचे कोच होते. २००३ मध्ये कार्मेलो अँथनीबरोबर त्यांनी विजेतेपद मिळवलं तेव्हाही २-३ झोन (दोघे पुढे, तिघे मागे) होताच. नोव्हेंबर २००९ मध्ये ले मॉइन या त्याच गावातल्या छोट्या कॉलेजकडून सरावाचा सामना हरल्यावर मात्र त्यांनी माणूस धरून खेळणं जवळजवळ बंदच केलं. या झोनला हवे असतात लांब हात. पुढचे दोघे गार्ड उंच असले की थ्री-पॉइंट रेषेवरचा (जिच्याबाहेरून शॉटला तीन गुण मिळतात) नेमबाज झाकला जातो आणि मधला पास अडतो. २०१३ चा त्यांचा फायनल फोर गाठणारा संघ पाहा: मायकल कार्टर-विल्यम्स ६ फूट ६ इंच, ब्रँडन ट्रीश ६ फूट ४ इंच. दोन्ही गार्ड इतके उंच असं इतर संघांत सहसा दिसत नाही.

तोटेही आहेत. झोनमध्ये कोणाची जबाबदारी कोणावर हे ठरलेलं नसल्याने रिबाउंड निसटतात. शिवाय प्रतिस्पर्धी कोच मुलाच्या घरी जाऊन सांगतात, “तिकडे गेलास तर माणूस धरायला शिकणार नाहीस, मग एनबीएवाले तुला घेतील कसे?” अशी कानभरणी या धंद्यात रोजचीच.

४. कोच मुलामध्ये नेमकं काय बघतात? उंची आणि गुण तर कोणीही बघेल.

उंचीपेक्षा दोन्ही हात पसरल्यावर भरणारी लांबी बघतात. अडवणं, झडप घालणं, रिबाउंड ओढणं सगळं तिच्यावर चालतं. थ्री-पॉइंटरच्या टक्केवारीबरोबर फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची, टक्केवारीही बघतात. हायस्कूलच्या मोसमातले थ्री-पॉइंटर मोजकेच असतात आणि एखादा चांगला महिना आकडे फुगवतो, पण फ्री थ्रोवरून हात खरा कसा आहे ते कळतं.

त्यापुढचं प्रत्येकाच्या सिस्टीमप्रमाणे बदलतं. ह्यूस्टनच्या केल्व्हिन सॅम्पसन यांना आपलाच चुकलेला शॉट परत मिळवायला झेपावणारी मुलं हवीत. अलाबामाच्या नेट ओट्स यांना शॉट बास्केटखालून किंवा थ्री-पॉइंट रेषेबाहेरून हवा, म्हणून मधल्या अंतरावरून सुंदर शॉट मारणाऱ्या मुलाचं त्यांच्याकडे फारसं कौतुक नाही. टोनी बेनेट यांच्या व्हर्जिनियात ‘पॅक लाइन’ बचाव असे. त्यांचे वडील डिक बेनेट यांनी तो रचला. बॉलवाल्याला धरणारा एक सोडून बाकी चौघे बास्केटपासून साधारण १६ फुटांच्या एका काल्पनिक रेषेच्या आत राहतात. उड्या मारून पास चोरणारा मुलगा बाहेर लोकप्रिय होतो, पण इथे तो भोक पाडतो.

अडचण ही की मुलं दिसतात ती उन्हाळ्यातल्या क्लब स्पर्धांत, उदाहरणार्थ साउथ कॅरोलायनात भरणाऱ्या ‘पीच जॅम’मध्ये. तिथला खेळ वेगवान आणि बराचसा आपापला असतो. संथ, ठरवून खेळणाऱ्या कोचला त्यातून फार थोडं कळतं. म्हणून जाणते कोच शाळेच्या सराव सत्राला जाऊन बसतात आणि सामन्यात बाहेर काढल्यावर मुलगा बाकावर कसा बसतो तेही पाहतात.

५. पाच स्टार मिळालेली मुलं फसतात आणि कोणी न विचारलेली चमकतात, हे कसं?

हायस्कूलच्या मुलांना स्टार देऊन त्यांची क्रमवारी लावणारे ‘हा मुलगा किती चांगला’ एवढंच सांगतात. ‘कोणासाठी चांगला’ हे त्यांना सांगायचंच नसतं.

स्टीफन करी हायस्कूल संपवताना बारीक आणि बुटका होता. त्याचे वडील डेल करी ज्या व्हर्जिनिया टेककडून खेळले, त्यांनीही स्कॉलरशिपशिवाय ये, एवढंच सुचवलं. डेव्हिडसन या लहान कॉलेजचे बॉब मॅकिलॉप मात्र असा हल्ला शिकवत होते ज्यात नेमबाज बॉलशिवाय सतत पळतो आणि स्क्रीनआडून, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभ्या राहिलेल्या सहकाऱ्यांच्या आडून, सुटतो. तिथे वजन नसणं आड आलं नाही. २००८ मध्ये डेव्हिडसन शेवटच्या आठांत पोहोचलं आणि कॅन्सासकडून ५९-५७ असं हरलं. कॅन्सास त्या वर्षी विजेतं ठरलं.

६. पूर्वी म्हणे मुलाला वर्षभर बसवून सिस्टीम शिकवायचे. ते काय होतं?

त्याला रेडशर्ट म्हणतात. पहिल्या वर्षी सराव करायचा, सामना खेळायचा नाही. त्यामुळे खेळण्याचे चार मोसम शाबूत राहतात. व्हर्जिनियाचा डिआंड्रे हंटर २०१६-१७ मध्ये असाच बसला होता. मार्च २०१८ मध्ये व्हर्जिनिया पहिल्या मानांकनाचा असून १६ व्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून २० गुणांनी हरला. पुरुषांच्या स्पर्धेत हे पहिल्यांदाच घडत होतं. हंटर तेव्हा दुखापतीमुळे बाहेर होता. लोकांनी सिस्टीमला नावं ठेवली, बेनेटनी ती बदलली नाही. पुढच्याच वर्षी टेक्सास टेकविरुद्ध अंतिम सामना त्यांनी जादा वेळेत ८५-७७ असा जिंकला आणि हंटरने २७ गुण केले.

जे राइट यांच्या व्हिलानोव्हातही हीच रीत होती. २०१८ च्या विजेत्या संघातला मिकाल ब्रिजेस पहिलं वर्ष बसून होता. आता वर्षभर बाकावर बसायला तयार होणारी मुलं शोधावी लागतात. कारण पुढच्या उत्तरात आहे.

७. ट्रान्सफर पोर्टलने हे सगळं मोडलं का?

मोडलं असं नाही, पण हिशेब बदलला. ऑक्टोबर २०१८ मध्ये पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, सुरू झालं. तेव्हाही कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागे. एप्रिल २०२१ पासून पहिल्या बदलीला ती सक्ती राहिली नाही, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदललं तरी लगेच खेळता येतं.

कोचसाठी याचा अर्थ असा की तीन वर्षं घडवायला वेळ नाही, पण तयार माल समोर आहे. १७ वर्षांचा मुलगा पुढे काय होईल याचा अंदाज बांधण्यापेक्षा २२ वर्षांचा मुलगा काय करतो हे फिल्मवर दिसतंच. कनेक्टिकटचे डॅन हर्ली हे फार हुशारीने वापरतात. २०२३ च्या विजेतेपदानंतर त्यांचा नेमबाज जॉर्डन हॉकिन्स एनबीएत गेला. त्यांच्या हल्ल्यात स्क्रीनआडून पळत सुटणारा नेमबाज लागतोच, म्हणून त्यांनी रटगर्समधून कॅम स्पेन्सरला आणलं आणि २०२४ मध्ये पुन्हा जिंकले.

दुसरी तऱ्हा बेन मॅकॉलमची, आणि आमच्या मते या काळातली ती सर्वांत बोलकी गोष्ट आहे. नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेट या डिव्हिजन टू, म्हणजे दुसऱ्या स्तराच्या, कॉलेजला त्यांनी चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. २०२४ मध्ये ते ड्रेकला गेले आणि जुन्या संघातले चार जण बरोबर घेऊन गेले. बाकीचे कोच पोर्टलमध्ये मोठी नावं शोधत असताना यांनी आपली सिस्टीम आधीच पाठ असलेली मुलं आणली. ड्रेकने त्या मोसमात ३१ सामने जिंकले, फक्त चार हरले आणि एनसीएए स्पर्धेत मिझुरीला हरवलं. पुढच्या वर्षी मॅकॉलम आयोवाला गेले, तर त्यांचा पॉइंट गार्ड बेनेट स्टर्ट्झही मागोमाग.

सगळ्यांनाच हे मानवलं नाही. टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, मोसम तोंडावर असताना, निवृत्त झाले. या नव्या वातावरणात आपण बसत नाही असं त्यांनी उघड सांगितलं. मार्केटचे शाका स्मार्ट मात्र अनेक वर्षं पोर्टलकडे जवळपास पाठ फिरवून आपलीच मुलं वाढवत राहिले.

८. पैसा आल्यावर ‘फिट’ला कोण विचारतं?

उलट पैसा आल्यामुळे जास्त विचारतात. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमावता येतं. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजही थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षासाठी सगळ्या खेळांना मिळून कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. बास्केटबॉलच्या वाट्याला त्यातला तुकडा येतो. तो संपला की संपला, म्हणून ज्या गुणाचा आपल्याला उपयोग नाही त्याचे पैसे कोण मोजेल? तीच तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत संघ जास्तीत जास्त १५ जणांचा. पूर्वी पुरुषांच्या १३ स्कॉलरशिप असत आणि वर हौसेने येणारे वॉक-ऑन असत. आता हौशींची जागा आक्रसली आहे.

९. स्कॉलरशिपच देत नसतील तर सिस्टीमला लायक मुलं मिळवणार कशी?

याचं उत्तर प्रिन्स्टन. जुन्या नामांकित विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते, घरच्या परिस्थितीप्रमाणे मदत मिळते, आणि प्रवेश तर अवघडच. पीट कॅरिल यांनी १९६७ ते १९९६ तिथे असलेल्या मुलांच्या अंगच्या गुणांतूनच हल्ला रचला. पाचही जणांना पास देता यायला हवा, सेंटरलासुद्धा. बचाव करणारा फार पुढे आला की त्याच्या पाठीमागून बास्केटकडे धाव. १९९६ मध्ये आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला त्यांनी ४३-४१ असं हरवलं ते शेवटच्या क्षणी अशाच एका धावेवर. उड्या मारणारी मुलं मिळत नव्हती म्हणून ही पद्धत घडली, हे विसरून आज अनेकजण तिची नक्कल करतात.

१०. टोकाच्या सिस्टीमला खेळाडू कुठून मिळतात?

बऱ्याचदा दुसरीकडून बिथरून आलेले. हँक गॅदर्स आणि बो किंबल हे फिलाडेल्फियाचे दोघे यूएससीत होते. तिथला कोच बदलल्यावर ते लॉयोला मेरीमाउंटला आले. पॉल वेस्टहेड तिथे सामनाभर धावायला लावत आणि पहिल्या काही सेकंदांतच शॉट घ्यायला सांगत. १९८९-९० मध्ये संघाची सरासरी सामन्याला १२२.४ गुण होती. त्याच मोसमात, मार्च १९९० मध्ये, गॅदर्स कोर्टवर कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. तरीही संघ शेवटच्या आठांत गेला.

ग्रिनेल हे डिव्हिजन थ्रीचं कॉलेज, म्हणजे खेळाची स्कॉलरशिप नाहीच. डेव्हिड आर्सेनो यांनी तिथे पाच-पाच जणांच्या तुकड्या सतत आत-बाहेर करायला सुरुवात केली, म्हणजे बाकावरच्या सगळ्यांना खेळायला मिळेल. ‘आमच्याकडे तू बसून राहणार नाहीस’ हेच तिथलं आमिष. तिथल्या जॅक टेलरने २० नोव्हेंबर २०१२ रोजी एका सामन्यात १३८ गुण केले. त्यासाठी १०८ शॉट मारले, हेही सांगायला हवं.

११. कोच बदलला तर त्याच्या सिस्टीमसाठी घेतलेल्या मुलांचं काय होतं?

बहुतेक जण निघतात. सेंट पीटर्सने २०२२ मध्ये १५ व्या मानांकनावरून शेवटच्या आठांत मजल मारली. लगेच कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले आणि संघ पांगला.

नव्या कोचसाठी ती संधी असते. मिशिगन २०२३-२४ मध्ये ८ सामने जिंकून २४ हरलं होतं. डस्टी मे आले, फ्लोरिडा अटलांटिकमधला आपला सात फुटी व्लाड गोल्डिन बरोबर आणला, येलमधून दुसरा सात फुटी डॅनी वुल्फ घेतला आणि दोन सेंटरांमध्येच पिक अँड रोल (एकाने बचाव करणाऱ्याची वाट अडवून मग बास्केटकडे वळायचं) खेळवला. कागदावर हे विचित्र वाटतं. त्या मोसमात २७ विजय मिळाले. प्रश्न २ मधलं वाकणं म्हणतात ते हेच.

१२. मुलींच्या खेळातही असंच असतं का?

पोर्टल आणि पैशाचे नियम तेच. मोठा फरक असा की एनबीए १९ व्या वर्षी दार उघडतं, तर डब्ल्यूएनबीए अमेरिकन मुलीला साधारण २२ व्या वर्षी किंवा कॉलेज संपल्यावर. एका वर्षात निघून जाणाऱ्या मुली नसतात, त्यामुळे कोचला हळूहळू शिकवणं परवडतं.

१३. माझा मुलगा महाराष्ट्रात खेळतो. अमेरिकेत कोणत्या सिस्टीममध्ये बसेल हे कसं ओळखायचं?

आधी कागदपत्रं. एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरमध्ये नोंदणी करा. डिव्हिजन वनसाठी ठरलेले १६ मुख्य विषय आणि किमान श्रेणी लागते. पात्रतेसाठी एसएटी या प्रवेश परीक्षेची सक्ती जानेवारी २०२३ पासून नाही, कॉलेजने प्रवेशासाठी मागितली तर गोष्ट वेगळी. आणि विद्यार्थी व्हिसावर जाहिरातीचे किंवा तसले पैसे घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचाराच.

मग खेळ. कोचला झकास क्षणांची रीळ पाठवू नका, दोन पूर्ण सामने पाठवा. बॉल नसताना मुलगा काय करतो ते त्यांना बघायचं असतं. परदेशी मुलांवर भिस्त ठेवणारी कॉलेजं आधी धरा. सेंट मेरीजने पॅटी मिल्स आणि मॅथ्यू डेलाव्हडोव्हासारखे ऑस्ट्रेलियन घडवले, गोंझागाने डोमँटास सबोनिस आणि रुई हाचीमुरा. भारतातून एनबीए अकॅडमीच्या वाटेने अमान संधू मॉनमथला गेला आणि हरसिमरन कौर सॅन डिएगोला. दोघंही उंच आहेत हे लक्षात घ्या. ६ फूट १ इंचाच्या मुलाकडे शॉट किंवा पास असा काहीतरी पक्का गुण हवा, नुसता चपळपणा तिथे ढीगभर मिळतो.

१४. कोच म्हणतात ‘तू आमच्यात अगदी बसतोस’. खरं कसं मानायचं?

सगळ्यांनाच तसं सांगतात. त्यांना विचारा: माझ्या जागी सध्या कोण खेळतंय आणि त्याचं किती वर्ष उरलंय? माझ्यासारखा शेवटचा मुलगा कोण होता, तो किती मिनिटं खेळला? याच उन्हाळ्यात त्या जागेसाठी पोर्टलमधून आणखी कोणाला घेणार आहात? मग त्यांचे मागच्या मोसमातले चार-पाच सामने बसून बघा. तुमची मुलगी पिक अँड रोल चालवणारी असेल आणि त्या संघात बॉल पाच हातांतून फिरत असेल, तर कोच कितीही गोड बोलले तरी उत्तर पडद्यावर आहे.

१५. कोचने तोंडी शब्द दिला आणि नंतर त्या जागी दुसरा घेतला. काही करता येतं का?

तोंडी ऑफर दोन्ही बाजूंना बांधत नाही. पूर्वी सहीने पक्कं करणारं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ होतं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता कॉलेजशी होणारा लेखी आर्थिक मदतीचा करार हाच आधार. तो हातात येईपर्यंत बाकीच्या कोचना नकार कळवू नका. करार झाल्यावर कोच निघून गेला, तर खेळाडूला पोर्टलमध्ये जाण्यासाठी वेगळी मुदत मिळते. तिचे दिवस मोजके असतात आणि ते बदलत राहतात, तेव्हा बातमी येताच कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियमांचं काम बघणाऱ्या विभागाला, फोन करा.